करवंदाचा गार चहा

आमच्या घरी पाहुण्याला चहा गार मिळतो. गरम हवा असेल तर तसं सांगावं लागतं. कुणाला हे चमत्कारिक वाटलं तर वाटू दे. पण याचं श्रेय माझं नाही, आणि ते कबूल करायला मी फार वर्षं लावली.

नव्वदच्या दशकात मी राजूरला शिक्षक होतो. आम्ही बौद्ध. सहकारी घरी यायचे, खुर्चीवर बसायचे, मोकळेपणानं हसायचे. चहा समोर आला की मात्र गप्पा लांबायच्या. कपात साय धरायची, मग कुणीतरी म्हणायचं, "गार झाला वहिनी, राहू द्या आता." भरलेले कप मी मोरीत ओतायचो आणि बायकोला सांगायचो, "त्यांना घाई होती." खरं काय ते दोघांनाही माहीत होतं. तरी मी दर वेळी तेच सांगायचो.

एका एप्रिलात ती म्हणाली, "गार झाला म्हणून ठेवतात ना? मग मी गारच देते. बघू काय म्हणतात."

बाजारातल्या डोंगरच्या बायकांकडून तिनं करवंदं आणली. साखर घालून शिजवली, फडक्यातून गाळली. चहा कोरा केला, कारण आंबटानं दूध नासलं असतं. दोन्ही एकत्र करून पातेलं पाण्याच्या परातीत ठेवलं. बर्फ मीच आणला, कोल्ड्रिंकवाल्याकडून, गोणपाटात गुंडाळून. चहा चाखून पाहिला. तुरट, आंबट आणि मागून गोड. छान लागला, आणि मला भीती वाटली.

दुपारी मुख्याध्यापक आले. तिनं ग्लास पुढे ठेवला.

"हे काय वहिनी, सरबत?"

"चहाच आहे, करवंदाचा. गार व्हायची वाट बघायला नको."

ते कसंनुसं हसले. "मला जरा सर्दी आहे."

"मग गरम करून आणते."

त्यांनी घड्याळ पाहिलं.

"राहू दे," मी म्हणालो. "सरांना घाई आहे."

त्यांना बोलावंच लागलं नाही. त्यांच्या वाटचं मीच बोललो.

ती समोरच्या खुर्चीवर बसली, त्यांचा ग्लास उचलला आणि सावकाश संपवला. तसे ते उठले. त्यांना पोचवायला मी स्टँडपर्यंत गेलो आणि वाटेत म्हणालो, "माफ करा सर, मनावर घेऊ नका. तिला कळत नाही."

घरी येऊन मी तिला हे सांगून टाकलं. लपवलं असतं तर लपलंही असतं.

"माझ्या नावानं माफी मागितलीत?"

"हो."

"मग उद्या जाऊन परत घ्या. तोवर माझ्याकडे चहा मागू नका. गरम नाही, गारही नाही."

दुसऱ्या दिवशी प्रार्थना झाल्यावर मी मुख्याध्यापकांच्या खोलीत गेलो. म्हणालो, "काल बायकोच्या वतीनं माफी मागितली होती, ती परत घेतो. तिला सगळं कळतं. कळत नव्हतं ते मला."

"अहो गुरुजी, एवढ्याशा चहाचं काय घेऊन बसलात?"

"एवढासाच होता, सर," मी म्हणालो. "तेवढाही तुमच्याच्यानं पिववला नाही."