उड्याच्या पायाला दिशा नाही

सासरच्या माणसांची नावं सुनेनं तोंडाने घ्यायची नाहीत, ही आम्हा किरगिझांची रीत. म्हणून धाकट्या दिराला मी लग्न झाल्यापासून ‘उड्या’ म्हणते. तेव्हा तो घोड्यावर चढताना रिकिबीची वाट बघायचा नाही, थेट उडी. आता चाळिशी गाठलीय, पण दर उन्हाळ्यात अख्ख्या गावाचे घोडे डोंगरावरच्या कुरणात तोच नेतो. एकही उन्हाळा चुकवलेला नाही.

आयुष्यभर घोड्यांच्या लाथा चुकवल्या, आणि धडक कुणाची खाल्ली? रिव्हर्समध्ये मागे येणाऱ्या मोटारीची! मोटारीच्या डिकीत मेंढा होता. चालवणारा मागे वळून बघत होता, पण बघत होता मेंढ्याकडे. मेंढ्याला काही झालं नाही.

उड्याच्या घोट्याचं हाड चिरलं. यथावकाश प्लास्टर निघालं, हाड जुळलं, पण सूज काही जाईना. सकाळी पाय बरा दिसायचा, संध्याकाळपर्यंत मळलेल्या कणकेसारखा फुगायचा आणि ठणकायचा. तालुक्याच्या दवाखान्यातली डॉक्टरीण म्हणाली, "पट्टी बांधा, थंड शेक द्या, थोडं थोडं चाला, घोटा फिरवत राहा. आणि बसाल तेव्हा पाय छातीपेक्षा उंच. मांडी घालायची नाही. ऐकलं नाहीत तर घोटा आखडेल, मग रिकीब विसरा."

कुरणाला निघायला महिनाही उरला नव्हता. उड्या रोज बूट चढवून बघायचा. बूट टाचेशीच अडायचा. यंदा तो गेला नाही तर घोडे दुसऱ्याच्या हाती जाणार, आणि एकदा गेले की परत येत नाहीत, हे त्यालाही ठाऊक होतं.

पाय उंच करायचा, हे ठरलं. पण कुठल्या बाजूला?

"किब्ल्याकडे, मक्केच्या दिशेला पाय करतोस?" मामंजी मानाच्या जागेवरून गरजले. माझ्या सासऱ्यांना नव्वदीतसुद्धा ऐकू सगळं येतं, परसात कोंबडी खोकली तरी कळतं.

गादी फिरवली. पाय दाराकडे गेले.

"दाराकडे पाय मयताचे असतात! मी जिवंत आहे अजून!" उड्या ओरडला.

पुन्हा फिरवली. आता पाय रोट्यांच्या कपाटाकडे. अन्नाला पाय दाखवतो म्हणून मामंजींनी कपाळाला हात लावला. उरली चौथी बाजू. तिथे मानाच्या जागेवर ते स्वतः बसलेले.

"मग वर टांगू का?" उड्या वैतागला.

"आभाळाला लाथ मारणार?"

आमच्यात आजाऱ्याला भेटायला न येणं म्हणजे वैर. त्यामुळे गाव लोटलं. वडीलधारं कोणी आत आलं की उड्या झटकन पाय गोळा करून गुडघ्यांवर बसायचा, आणि चहा संपेपर्यंत तसाच. चहा कसला संपतोय! शेजारचे ओसोर आजोबा तर सूज का उतरत नाही या चिंतेत सकाळी येऊन संध्याकाळी उठायचे. त्यांच्यामुळेच उतरत नाही, हे त्यांना सांगणार कोण?

शेवटी मी आणि माझी जाऊ बुरुल (तीही माझ्यासारखी सूनच, तिचं नाव चालतं), दोघींनी डोकं लढवलं. गादीखाली पाट सरकवला आणि गादीच फिरवू लागलो. पाहुणा डावीकडे बसला की आम्ही पाय उजवीकडे नेणार. तो रोटी घ्यायला उजवीकडे सरकला की परत डावीकडे. एकदा सहा पाहुणे एकदम आले तेव्हा उड्या इतका गरगरला, की त्याला ओकारी आली.

"वहिनी, थांबव गं! पाय राहू दे, डोकं गळून पडेल!"

"गप बस. डोकं तसंही वापरत नाहीस!"

ओसोर आजोबा कौतुकाने म्हणाले, "काय संस्कार आहेत! आजारी असून एकाकडेही पाय केला नाही." या फिरवाफिरवीत पाय उंच असा टिकलाच नव्हता, त्या रात्री घोटा दुप्पट झाला.

दुसऱ्या सकाळी बूट टाचेपर्यंतसुद्धा गेला नाही. मी दूध घेऊन आत आले तर उड्या बुटात तोंड घालून रडत होता, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून. चाळीस वर्षांचा बाप्या! हसावं की रडावं तेच कळेना. मी रडले.

आणि मामंजी उठले. पाहुण्यांसाठीही जी जागा त्यांनी कधी सोडली नव्हती, ती सोडून ते काठी टेकत आले, गादीच्या पायथ्याशी उशांची चळत रचली, तिच्यावर बसले आणि मांडी थोपटली.

"पाय दे इकडे."

"अता!" उड्याने वडिलांना हाक मारली. "तुमच्या मांडीवर? पाप लागेल मला!"

"पाप कसं लागतं ते मला शिकवू नकोस. हा पाय माझ्या मुठीत मावायचा. तेव्हा माझ्या तोंडावर लाथा मारायचास. लागलं का पाप?"

त्यांनी पाय उचलून मांडीवर घेतला. तेवढ्यात ओसोर आजोबा आत आले, दारातच थबकले.

"अहो, तुमच्याकडे पाय करून झोपलाय मुलगा!"

"माझ्याकडे केलाय. तुमच्याकडे नाही. बसा, किंवा जा."

ओसोर आजोबा गेले. त्यानंतर चहा प्यायला येणारे कमीच झाले. मामंजी दिवसभर पाय धरून बसायचे, थंड फडकं बदलायचे, घोटा फिरवून घ्यायचे आणि मधेच उठवून दोन येरझाऱ्या घालायला लावायचे. सूज हळूहळू उतरली. ठणका राहिला, पण बूट शिरला.

निघायच्या दिवशी अंगणात सगळे जमले. उड्याने या वेळी उडी मारली नाही. निमूट रिकिबीत पाय ठेवला. तेवढ्यात घोडा बिचकला, बाजूला सरला आणि सगळा भार त्या घोट्यावर आला.

माझ्या तोंडून त्याचं नाव गेलं. उड्या नव्हे, आईबापांनी ठेवलेलं, खरं नाव, गल्लीभर ऐकू जाईल असं.

तो सावरला, खोगिरावर बसला. अंगणातले सगळे मात्र माझ्याकडे वळले. बुरुलने डोईच्या रुमालाचं टोक तोंडाला लावलं. मी मामंजींकडे बघितलं.

मामंजींनी कान खाजवला.

"काय गं सूनबाई, कोणी काही बोललं का? हल्ली मला ऐकू येत नाही."