हमिदावहिनींचा नकार

"डॉक्टर हो की. कोण नाय बोलतंय? पण फौजेतलीच डॉक्टर कशाला?"

"कारण मला तेच व्हायचंय, अम्मी."

"टीव्हीवरचा तो पण तेच होता."

"मग? त्यानं गोळ्या झाडल्या म्हणून मी पण झाडणार? हे काय लॉजिक आहे?"

"तू झाडशील असं मी कुठं बोलते? लोक बघतील तुझ्याकडं. पट्टीवर नाव वाचतील, मग चेहरा बघतील. रोज. इंजेक्शन द्यायला गेलीस तरी."

"बघू देत."

"बघू देत बोलायला सोपं हाय, फरहा. बाजूला हो, भाकरी करपेल."

दोह्याच्या अल सद्द भागातल्या त्या जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर हमिदावहिनींचा आवाज शुक्रवारी दुपारी जिन्यापर्यंत यायचाच. आठवडाभर तो शिलाई मशीनच्या आवाजाखाली दबलेला असे. दोह्यातल्या निम्म्या मराठी बायकांचे ब्लाऊज त्या शिवत. कोणाचा दंड कधी जाड झाला आणि कोण पोट आत ओढून माप देते हे त्यांना तोंडपाठ होतं, आणि त्यातलं एक अक्षर बाहेर जात नसे. माप घेताना त्या स्वतः गप्प असत. बायका आपोआप बोलायच्या. "टेप गळ्याभोवती गेली की माणूस खरं बोलतो," असं वहिनी म्हणायच्या.

शुक्रवारी मात्र मशीनवर चादर. इलियासभाई नमाजहून आले की तांदळाच्या भाकऱ्या, हमूर माशाचं कालवण आणि गप्पा. वहिनी म्हसळ्याच्या, इलियासभाईही तिकडचेच. भारतीय सैन्यात सतरा वर्षं त्यांनी ट्रक चालवला, नाईक म्हणून निवृत्त झाले आणि इथं येऊन एका बस कंपनीत सुपरवायझर झाले. दसऱ्याला पलटणीतले सगळे ट्रक धुऊन, हार घालून पूजेला लागायचे. त्यांच्या ट्रकची सजावट दोनदा पहिली आली होती, हे ते अजून सांगत. इथंही दसऱ्याच्या दिवशी डेपोतल्या बसगाड्या लख्ख धुवायला लावत. नेपाळी ड्रायव्हर खूश होत. मल्याळी मॅनेजर विचारी, आज कुठली इन्स्पेक्शन आहे?

भांडणाचं कारण आठवड्याभरापूर्वी टेक्सासमध्ये घडलं होतं. तिथल्या लष्करी तळावर लष्करातल्याच एका डॉक्टरानं आपल्याच माणसांवर गोळ्या झाडल्या. तेरा जण गेले. डॉक्टर मुसलमान होता. तेव्हापासून सगळ्या चॅनेलवर एकच चर्चा चालू होती: मुसलमानांना लष्करात घ्यावं का, घेतलं तर किती विश्वास ठेवावा? सूट घातलेली माणसं एकमेकांना थांबवत बोलत होती.

आणि नेमकी बारावीतली फरहा पुण्याच्या लष्करी मेडिकल कॉलेजची परीक्षा देणार म्हणून हटून बसली होती. परीक्षा मे महिन्यात होती आणि होकार आत्ता हवा होता. इलियासभाईंनी तो कधीच दिला होता, पण त्या घरात त्याला काडीची किंमत नव्हती. होकार चालायचा तो वहिनींचा.

"तुमी तरी बोला काय तरी," वहिनी नवऱ्याकडे वळल्या.

इलियासभाईंनी रिमोट उचलून टीव्हीचा आवाज बंद केला. "मी सतरा वर्षं होतो. मला कोणी काय विचारलं?"

"तुमाला नाय विचारलं. मना विचारलं."

"कधी?"

"झाशीला, फौजेच्या क्वार्टरमध्ये. ही पोर पाळण्यात होती. डिसेंबरात तिकडं अयोध्येला झालं नि इकडं नळावर बायका माझ्याशी बोलायच्या थांबल्या. मी हंडा घेऊन गेले की गप्प. तुमी ट्रक घेऊन कुठं तरी लांब. कोणी शिवी दिली नाय, दगड मारला नाय. नुसतं गप्प."

फरहा ओट्याला टेकली. ही गोष्ट तिला नवी होती.

"आणि सुभेदारसाहेबांची मिसेस?" इलियासभाई म्हणाले. "ते पण सांग ना पोरीला."

"सांगते की. मी कुठं लपवते? ती आली. तांदूळ निवडायचं ताट घेऊन आली, माझं दार सताड उघडं टाकलं नि उंबऱ्यात बसली. दुपारभर. येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांनी बघावं म्हणून. दुसऱ्या दिवशी नळावर सगळ्या बोलायला लागल्या."

"बघ!" फरहा म्हणाली.

"काय बघ? तिला यावं लागलं, फरहा. कोणी तरी येऊन उंबऱ्यात बसल्याशिवाय माझं दार बरोबर दिसत नव्हतं. तुझ्या दारात कोण बसणार? आणि किती वेळा?"

दाराची बेल वाजली. समोरच्या फ्लॅटमधले राजाभाऊ. नाशिकचे, गॅस प्लँटमधले इंजिनिअर. त्यांच्या पत्नीच्या, शशिकलाच्या, स्वयंपाकघरात मासा शिरत नसे, म्हणून गेली सात वर्षं शुक्रवारी राजाभाऊ इकडे शिरत. शशिकलाला हे ठाऊक होतं. ती फक्त म्हणायची, येताना हात धुऊन या.

"यल्ला, वाढा चला, वहिनी, वास जिन्यात आलाय," ते बसत म्हणाले. "इलियास, उद्या तुझ्या बसगाड्या वेळेवर सोड हं. ब्राझील-इंग्लंड म्हणजे अख्खं दोहा लोटणार. ही मॅच नीट पार पडली तर कतारला वर्ल्ड कप मिळेल म्हणतात."

"दोन हजार बावीसचा. तोवर मी म्हसळ्याला आंबे राखत असेन."

"आंबे तुला राखतील. हे काय, सगळे गंभीर का?"

फरहानं थोडक्यात सांगितलं. राजाभाऊंनी भाकरीचा तुकडा मोडला, रश्शात बुडवला आणि मान डोलावली.

"वहिनी बरोबर बोलतायत."

"ऐक," वहिनी फरहाला म्हणाल्या. चेहरा खुलला. राजाभाऊंच्या ताटात माशाचा आणखी एक तुकडा पडला. "काका शिकलेले हायत."

"नाही तर काय. इतके चांगले मार्क तुझे, केईएममध्ये जा, नायरला जा. लष्करात कशाला डोकेदुखी? उगाच लोकांना शंका, तुला त्रास."

"हेच मी सकाळपासून बोलते."

"आणि खरं सांगू, ही चर्चा चाललीय ना टीव्हीवर, त्यातला तो म्हातारा जनरल अगदीच चूक बोलत नाही. हातात बंदूक द्यायची म्हणजे जरा जास्त चौकशी केली तर काय बिघडलं?"

"कोणाची जास्त?" इलियासभाईंनी विचारलं. आवाज साधाच होता.

"म्हणजे... त्यांची. तुझी नाही रे बाबा. तुम्ही आपले मुसलमान. कोकणातले. आमच्यासारखेच. तुमचा प्रश्नच येत नाही."

तव्यावरची भाकरी फुगली आणि खाली बसली. वहिनींनी ती उलटली नाही. गॅस बंद केला.

"भाऊजी, आपले म्हणजे?"

"म्हणजे... वहिनी, तुम्हाला कळतंय मला काय म्हणायचंय."

"कळतंय. म्हणून विचारते. दुसरे कोणाचे?"

राजाभाऊ हसले. दुसरं कोणी हसलं नाही तेव्हा त्यांनी हसू आवरलं. "मी तुमच्याच बाजूनं बोलतोय हो. तुम्ही म्हणालात तेच."

"हा. शब्द तेच." वहिनी पंख्याखाली येऊन बसल्या, ओढणीनं कपाळ पुसलं. "मी बोलले तेव्हा ती माया वाटली मना. तुमच्या तोंडून ऐकलं नि ते काय तरी निराळंच झालं. सकाळपासून मी पोरीला हेच सांगत होते? असंच ऐकू येत होतं तिला?"

"थोडंसं," फरहा म्हणाली.

"थोडंसं नाय. बरंच," वहिनी म्हणाल्या.

"वहिनी, मी दुखवायला नाही बोललो," राजाभाऊ म्हणाले. "शपथ."

"ठाऊक हाय. जेवा. तुमी वाईट असता तर मी मासा कशाला वाढला असता?" त्यांनी स्वतःच त्यांच्या ताटात रस्सा ओतला. "पण बघा, तुमी माझ्या घरात जेवता म्हणून मी बरी. शशीनं माप दिलं नि मी तोंड उघडलं नाय म्हणून बरी. ह्यांनी ट्रकला हार घातला म्हणून बरे. आमाला चांगलं असायला किती कामं हो."

इलियासभाई खळखळून हसले. "हार मला आवडायचा म्हणून घालायचो, हमिदा."

"मना ठाऊक हाय. ह्यांना नाय ठाऊक."

"अरे, मला पण ठाऊक आहे," राजाभाऊ म्हणाले, आणि मग खरोखर विचारात पडले. "खरं तर मी कधी विचारच केला नाही. ट्रकचा नाही, त्या... त्या बाकीच्या गोष्टीचा."

सगळे पुन्हा जेवू लागले. टीव्हीवर मुकी माणसं बोटं नाचवत होती. फरहानं काटा काढून दिलेला तुकडा राजाभाऊंनी घेतला. वहिनींनी स्वतःसाठी भाकरी घेतली, अर्धी मोडली आणि तशीच ठेवली.

"सुभेदारीणबाई," त्या मधेच म्हणाल्या, "माझ्याशी त्या दुपारी काय बोलली ठाऊक हाय? मुलांबद्दल. तिच्या धाकट्याला गणित येत नाय म्हणून. अयोध्येचा शब्द नाय. मना वाटायचं ती उपकार करते. आता वाटतं, बाईला खरंच तांदूळ निवडायचे असतील."

"दोन्ही असेल," इलियासभाई म्हणाले.

"असेल." मग त्या फरहाकडे वळल्या. "परीक्षा पुण्यालाच ना?"

फरहानं हातातला पेला खाली ठेवला. "सेंटर पुणं घेता येतं."

"मे महिन्यात उकाडा असतो तिथं. लॉजवर नाय राहायचं." त्यांनी राजाभाऊंकडे पाहिलं. "भाऊजी, शशीची बहीण कोथरूडलाच असते अजून?"

"हो. मोठा फ्लॅट आहे. आनंदानं ठेवून घेईल." राजाभाऊंनी हात पुसले. त्यांच्या चेहऱ्यावर सुटका होती आणि तरी काही तरी अडकलेलं. "पण वहिनी, एक सांगा. रागावू नका. उद्या ही डॉक्टर झाली, वर्दी चढवली, आणि जगात कुठं तरी पुन्हा असलं काही घडलं. मेसमध्ये कोणी तरी हिलाच विचारलं, तर हिनं काय सांगायचं?"

फरहानं आईकडे पाहिलं. इलियासभाईंनीही.

"ते तिचं ती सांगेल. मी शशीला बहिणीचं विचारून येते," म्हणत हमिदावहिनींनी ओढणी डोक्यावरून नीट घेतली, दाराशी चपला पायात सरकवल्या आणि आपलं दार सताड उघडं टाकून समोरच्या दाराची बेल वाजवायला निघून गेल्या.