हात रिकामे

एकाहत्तरच्या डिसेंबरात, लढाईच्या पहिल्या आठवड्यात, सकाळी दहा वाजून पस्तीस मिनिटांनी आमच्या शेजारच्या काकांनी फॅक्टरी इस्टेटीच्या सिमेंट रोडवर पाच कुत्र्यांच्या दोऱ्या एकाच वेळी हातातून सोडल्या. चार कुत्रे त्यांच्यामागे आले. पाचवा रेल्वे फाटकाच्या दिशेने पळाला. वेळ काकांच्या डायरीतून घेतली आहे. ती चुकलेली असण्याचा संभव नाही. जबलपुरात त्या काळी नियम पाळणारे लोक हजारो होते. अर्धे शहर भोंग्यावर उठत होते आणि भोंग्यावर जेवत होते. नियमावर माया करणारा माणूस मात्र मी हा एकच पाहिला.

ते फॅक्टरीत एक्झामिनर होते. दारूगोळ्याचे सुटे भाग तयार होऊन टेबलावर आले की ते मापात आहेत की नाहीत हे पाहायचे आणि पास किंवा रिजेक्ट म्हणायचे, एवढेच काम त्यांनी बावीस वर्षे केले होते. ते काम संध्याकाळी गेटवर ठेवून रिकामे घरी येणे त्यांना जमले नाही. त्यांच्या खिशात स्वतः घासून केलेली एक लोखंडी कडी असे. बाजारात लिंबू त्या कडीतून आरपार गेले की ते लहान, म्हणून परत. अधारतालच्या भाजीवाल्याने एकदा हात जोडले होते : "साहब, भिंडी है, गोला नहीं है. खाने की चीज है." काका म्हणाले, "खानी है, इसीलिए देख रहा हूँ." आमच्या क्वार्टरांच्या लाईनीतल्या गणपतीला बायकांनी एकवीस मोदक केले, तेव्हा काकांनी त्यातले तीन बाजूला काढून ठेवले, कारण त्यांच्या कळ्या मोजून कमी भरल्या. "देवाला रिजेक्ट माल द्यायचा काय?" असे त्यांनी शांतपणे विचारले. आरती वीस मिनिटे थांबली आणि तीन मोदक नव्याने झाले. बाजूला काढलेले तिन्ही त्यांनी स्वतः खाल्ले. काकू म्हणत, "मला कोणत्या कडीतून पाहून आणलं, ते चोवीस वर्षांपासून विचारून राहिली मी." त्यावर काकांचे उत्तर ठरलेले होते : "तेव्हा मी अप्रेंटिस होतो."

त्यांनी स्वतः कधी कुत्रा पाळला नाही. कुत्र्यांशी त्यांचा संबंध झोपेमुळे आला. लढाईचे वारे वाहू लागले तशा फॅक्टरीत बारा-बारा तासांच्या पाळ्या सुरू झाल्या आणि काकांना रात्रपाळी मिळाली. ते दिवसा झोपत. लाईनीतले पाच कुत्रे दिवसभर बांधलेले असत, कारण त्यांना फिरवणारे पुरुष पाळीवर असत, आणि बांधलेले कुत्रे दिवसभर भुंकत. दुसऱ्या कोणी भांडण काढले असते. काकांनी चार दिवस कुत्रे केव्हा आणि किती वेळ भुंकतात याची नोंद केली, पाचव्या दिवशी घरोघर गेले आणि सांगितले, की फिरवलेला कुत्रा भुंकत नाही, उद्यापासून सकाळी दहाला मी येतो. माझे वडील म्हणाले, "अहो, रात्रभर उभं राहून आलात, आता कुत्रे काहून फिरवता?" काका म्हणाले, "तक्रारीचं काम नाही हे. मेन्टेनन्सचं आहे."

सिमेंट रोड तेव्हा नवा होता. इस्टेटीच्या गेटपासून फाटकापर्यंत सरळ, दीड मैल, फॅक्टरीच्या ट्रकांसाठी केलेला. दोन्ही बाजूंची झाडे कमरेएवढीच असल्याने सावली कुठेच नव्हती, आणि डिसेंबरात कोणाला ती नकोही होती. सकाळी दहापर्यंत पांढरे सिमेंट ऊन पिऊन कोमट होई. कडेने रजया पसरलेल्या असत, वड्या वाळत असत, म्हाताऱ्या पाठ उन्हाला देऊन बसत. या सगळ्यांमधून काका पाच कुत्रे घेऊन निघत : खाकी पँट, काकूंनी विणलेला तपकिरी स्वेटर, डाव्या हातात तीन दोऱ्या, उजव्या हातात दोन. कुत्रे उंचीच्या क्रमाने. रस्त्याची डावी बाजू. सिमेंटच्या प्रत्येक शंभराव्या फरशीला थांबा. पहिल्या आठवड्यात कुत्र्यांनी हे मानले नाही. तिसऱ्या आठवड्यात शंभरावी फरशी आली की पाचही कुत्रे आपोआप थांबत आणि काकांकडे पाहत, आणि वड्यांना तोंड लावल्याची एकही नोंद नाही. म्हाताऱ्या म्हणत, "आले पाहा, परेड आली." काका त्यांना नमस्कार करत आणि न थांबता पुढे जात, कारण फरशी शंभरावी नसे.

या पाचांत उंचीने दुसरा शेरू. बदामी रंगाचा, डावा कान मुडपलेला. तो इस्टेटीच्या शाळेतल्या बाईंकडे होता. बाई विधवा होत्या, वर्गात कडक, घरी एकट्या. त्यांचा एकुलता एक मुलगा फौजेत होता आणि त्या वेळी पूर्वेच्या सरहद्दीवर होता. शेरू त्याचा. जाताना तो आईला शेरूवर सोडून गेला की शेरूला आईवर, हे नक्की सांगता येणार नाही. त्याच्या प्रत्येक पत्राची शेवटची ओळ एकच असे, शेरूला उन्हात बसवत जा. बाई शाळेला निघताना शेरूची दोरी व्हरांड्याच्या खांबाला बांधत आणि काका येऊन ती सोडत.

लढाई लागल्यावर सायरनची प्रॅक्टिस रोज होऊ लागली. फॅक्टरीत तिचा नियम साधा होता. सायरन झाला की हातात काय असेल ते सोडून द्यायचे, जवळच्या खंदकात जायचे, पोट जमिनीला. हात रिकामे, हे पहिले. हातात काही धरून पळणारा माणूस दारूगोळ्याच्या जागी स्वतः मरतो आणि दहा जणांना मारतो. काकांनी हा नियम नव्या मुलांना इतकी वर्षे शिकवला होता, की तो त्यांच्या डोक्यात राहिला नव्हता, बोटांत गेला होता. त्या सकाळी सायरन झाला तेव्हा ते फाटकापासून दोनशे पावलांवर होते. दोन्ही मुठी उघडल्या. काका कडेच्या खंदकात पालथे पडले. चार कुत्रे त्यांच्यामागून खंदकात उतरले. त्यातला सर्वांत मोठा त्यांच्या पाठीवर बसला आणि सायरन संपेपर्यंत उठला नाही. शेरू पळाला. फाटकवाल्याने त्याला रूळ ओलांडून रिछाईकडे जाताना पाहिले. त्यानंतर त्याला पाहिल्याचे कोणी खात्रीने सांगितले नाही.

काका चार कुत्रे घरोघर पोहोचवून आमच्या फाटकाशी आले तेव्हा त्यांची कोपरे सोलली होती. वडिलांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "बाईंना सांगा, दोरी तुटली. कोणाची चूक नाही मग."

"दोरी मजबूत आहे. मीच आणली होती."

"तेच म्हणतो ना जी. मुलगा तिकडे लढाईत, इथे हे. त्यांना काय वाटेल?"

"जे झालं तेच सांगावं लागेल," काका म्हणाले आणि बाईंच्या घरासमोर जाऊन उभे राहिले. शाळा एकला सुटत असे. तोवर ते उन्हात उभेच होते. मी कॉलेजला निघाले होते, पण गेले नाही.

बाई आल्या. खांबाकडे त्यांनी एकदा पाहिले.

"सांगा जी."

"शेरू माझ्या हातून पळाला. सायरन झाला, मी दोऱ्या सोडल्या. दोरी तुटली नाही. मी सोडली."

बाईंनी दाराचे कुलूप काढले. मग म्हणाल्या, "तुमच्या बाहीला रक्त आहे. आत या, हात धुवा."

"शेरूला आणल्याशिवाय आत येत नाही," काका म्हणाले.

त्यांनी शोध केला तो तपासणीसारखाच. शहराचे भाग पाडले. एक दिवस रिछाई, एक दिवस अधारताल, एक दिवस गढा भागातल्या गल्ल्या, मग पुन्हा रिछाई. रात्रभर टेबलावर, सकाळी चार कुत्र्यांची फेरी, कारण ती चुकवण्याचे कारण त्यांना मान्य नव्हते, आणि मग सायकलवर शोध. लढाईमुळे रविवारही कामाचे झाले होते. काकू म्हणाल्या, "रात्री गोळे पाहता, दिवसा कुत्रे पाहता. झोपून कधी राहिले तुम्ही?" गढ्यात एका बाईने त्यांना आग्रह करून तीन कुत्रे दाखवले आणि तिन्ही नाकारल्यावर विचारले, "भैया, लड़की का रिश्ता देख रहे हो क्या?" अकराव्या रात्री काकांनी आपणहून सुपरवायझरला सांगितले, की माझे डोळे आज भरवशाचे नाहीत, मला टेबलावर बसवू नका. त्या रात्री ते पेट्या उचलत होते. बावीस वर्षांत असे पहिल्यांदा झाले.

लढाई थांबली. लाईनीत पेढे वाटले गेले. बाईंनीही वाटले, पण मुलाचे पत्र आलेले नव्हते. डिसेंबर संपत आला तरी आले नाही. लाईनीतल्या बायका बाईंसमोर शेरूचे नाव काढेनाशा झाल्या. आपसात मात्र काढत, आणि त्याचा मुलाशी संबंध लावत. हे काकांच्या कानावर गेले होते.

एकोणिसाव्या दिवशी रिछाईच्या एका वर्कशॉपमधल्या, लेथवर काम करणाऱ्या खरादवाल्याने त्यांना एक बदामी कुत्रा दाखवला. तो म्हणाला, "चाचा, यही ले जाओ. आपका वाला भी ऐसाइच तो था. फौजी क्या बॉर्डर से देखेगा?" काकांनी कुत्रा सगळीकडून पाहिला. कान मुडपलेला होता, पण उजवा. त्यांनी नकार दिला आणि सायकलला टांग मारली. कुत्रा तीन मैल सायकलीमागे आला. आमच्या फाटकाशी वडिलांनी त्याला पाहिले आणि म्हणाले, "चलो, झालं काम. कान कोण पाहतं? मुलगा आला तर पाहील." 'आला तर' म्हटल्यावर ते घरात निघून गेले.

काका कुत्र्याला घेऊन बाईंच्या फाटकाबाहेर उभे राहिले. बाई व्हरांड्यात वह्या तपासत होत्या. त्यांनी चष्मा वर केला.

"कान उलटा आहे याचा."

"हो. तेच सांगायला आलो. हा तो नाही."

"मग आणला काहून?"

काकांनी खिशातली कडी चाचपली. मग ते म्हणाले, "रिजेक्ट करवलं नाही."

बाईंनी वही मिटली. "मी त्याला अजून कळवलं नाही जी. प्रत्येक पत्रात लिहून राहिली, शेरू मजेत आहे."

"ते मी लिहितो. चूक ज्याच्या हातून झाली, रिपोर्ट त्याने द्यायचा."

"आता नका लिहू. आधी त्याचं पत्र येऊ द्या."

नियमाप्रमाणे रिपोर्ट त्याच दिवशी जायला हवा होता. तो एकोणीस दिवस उशिरा होता आणि आणखी किती उशीर होणार, हे ठाऊक नव्हते. काका म्हणाले, "बरं. पत्र येऊ द्या." बाई म्हणाल्या, "आता तर आत या." ते आत गेले. कुत्रा त्यांच्या आधी गेला.

त्यानंतर काकांच्या फेरीत एक बदल झाला. शंभराव्या फरशीचे थांबे गेले. ते जिथे पोस्टमन दिसेल तिथे थांबू लागले. पोस्टमन लांबूनच हात हलवून नाही म्हणे आणि पाच कुत्रे पुढे निघत. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात त्याने हात हलवला नाही, सायकलवरून उतरला. पाकिटावरचे अक्षर मुलाचे होते. काकांनी ते पाकीट घेऊन फेरी अर्धी सोडली आणि शाळेत गेले. बाईंच्या चौथीच्या वर्गाच्या दारात एक माणूस आणि पाच कुत्रे उभे असल्याचे त्या वर्गातल्या मुली अजून सांगतात. मुलगा हॉस्पिटलमध्ये होता, पायाला जखम होती, बरा होत होता. शेवटची ओळ शेरूची होती.

काकांनी त्याच दुपारी रिपोर्ट लिहिला. वेळ, जागा, कारण, केलेला शोध, निष्कर्ष. 'निष्काळजीपणा : माझा' अशी ओळ होती. खाली त्यांनी तारीख टाकली आणि मग, सवयीत नसताना, 'तब्येतीस जपणे' असे लिहिले. मुलाचे उत्तर तीन आठवड्यांनी आले. शेरू दिवाळीच्या फटाक्यांनाही असाच पळायचा, हे मी सांगून जायला हवे होते, म्हणून चूक माझी धरावी, असे त्यात होते. काकांनी कार्ड दोनदा वाचले आणि वडिलांना म्हणाले, "चूक कोणाची, हे माल पाठवणारा ठरवत नाही." पण कार्ड त्यांनी जपून ठेवले, ते काकूंनी मला नंतर दाखवले.

शेरू सापडला नाही. मुलगा मार्चमध्ये रजेवर आला, काठी घेऊन चालत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला तो आणि काका रिछाईच्या कुत्र्याला घेऊन सिमेंट रोडवर निघाले. बाकीच्या चार कुत्र्यांची फेरी त्या दिवशी काकांनी आठलाच उरकली होती. फाटकापर्यंत जाऊन परत यायला त्यांना एरवी सव्वा तास लागे. त्या दिवशी ते एक वाजता परत आले. निघताना काकांच्या हातात होती ती दोरी आता मुलाच्या हातात होती.