स्वेतांकाबाईंचा जुना सोबती

बल्गेरियात प्लोव्दिव शहराजवळच्या एका खेड्यातल्या स्वेतांकाबाई गणित शिकवून निवृत्त झाल्या होत्या. गावातल्या करकोच्यांची घरटी त्या एकोणीस वर्षं मोजत आल्या होत्या. त्या आकड्यांचा आलेख स्वतःच काढायचा, म्हणून त्यांनी घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर टाकायला घेतलं.

पण ते निघालं मानपानाला हपापलेल्या वऱ्हाडासारखं. एक लायब्ररी, म्हणजे सॉफ्टवेअरचा जोडभाग, टाकावी, तर ती म्हणे माझ्याआधी दुसरी हवी, आणि दुसरी तिसरीवाचून हलेना. दुपारपर्यंत अकरा झाल्या. बाराव्या खेपेला पडद्यावर उमटलेलं नाव वाचून बाई ओरडल्याच, "अरे स्तामेन, याला फोर्ट्रान हवाय!"

अंगणात मिरच्या भाजत बसलेले त्यांचे यजमान हातातल्या चिमट्यासकट आत आले. "कोण हा?"

"माझ्या कॉलेजातला! दिवसचे दिवस काढलेत मी त्याच्याबरोबर. मला वाटलं, केव्हाच मेला असेल."

"पंचेचाळीस वर्षांच्या संसारात एका शब्दानं बोलली नाहीस!"

"अरे वेड्या, कॉम्प्युटरची भाषा आहे ती. पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडून लिहायचो आम्ही."

स्तामेनना ते फारसं पटलं नाही. ते खुर्ची ओढून शेजारीच पहाऱ्याला बसले. बाईंनी फोर्ट्रान उतरवून घेतला आणि अडलेलं गाडं चालू लागलं. थोड्या वेळानं आलेख उमटला. सात घरट्यांची एकवीस झाली होती. बाईंचे डोळे भरून आले.

ते पाहून स्तामेन हळूच म्हणाले, "आला वाटतं तो?"

"आला."

"मग विचार त्याला, घरची राकिया आहे, घोटभर घेणार का?"