लाल झालेली उष्टी हळद

आता हसणार असाल तर आधी चहाचा कप खाली ठेवा. मागच्या खेपेला हा किस्सा सांगताना आमच्या शेजारीणबाईंच्या नाकातून चहा आला होता, आणि त्याचाही दोष माझ्याच माथी.

गोष्ट जुनी, मोबाईल यायच्या आधीची. माझ्या ताईच्या मेधाचं लग्न ठरलं. आम्ही हुबळीचे, देशपांडे नगरात राहणारे, मुलाकडचे धारवाडचे. माणसं सोन्यासारखी, पण मानपानाला कडक. घरात अर्धं मराठी, अर्धं कन्नड, आणि शब्द चालायचा तो एकाच माणसाचा. अक्कांचा. अक्का म्हणजे मुलाची थोरली काकू. त्या हसल्या की घर हसायचं, त्या गप्प बसल्या की कुत्रंसुद्धा भुंकायचं नाही.

आणि साखरपुड्याला नेमकं मी काय करावं? हळदीकुंकवाची कोयरी माझ्या हातात. समोर विहीणबाई दिसल्या, लावलं त्यांना कुंकू. मग त्यांच्या बहिणीला, मग भावजयीला. अक्का कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून बघत होत्या. थोरलीला सोडून धाकटीला कुंकू! लक्षात आलं तोवर अक्का उठून गाडीत जाऊन बसल्या होत्या. पेढासुद्धा खाल्ला नाही हो त्यांनी.

ताईच्या डोळ्यांचं पाणी खळेना. ती म्हणाली, "तुझं काय जातंय? उद्या त्या घरात नांदायचंय माझ्या पोरीला. अक्कांच्या मनातून उतरली तर तिथं कोण आहे तिचं?"

मला फार लागलं ते. मेधा माझ्या अंगाखांद्यावर वाढलेली. मी बिघडवलंय तर मीच निस्तरणार, असं ताईला सांगून टाकलं. कसं निस्तरणार, ते मात्र मलाही ठाऊक नव्हतं.

मग सुचलं. मुलाकडच्या सगळ्या बायकांना घरी केलेलं उटणं द्यायचं. दुकानातलं नाही, स्वतःच्या हातचं. साडी काय, कोणीही देतं. दाजीबानपेठेत जाऊन खणाचे तुकडे आणले, त्यांच्या पोटल्या शिवल्या. आंबेहळद आणली, चंदन उगाळून वाळवलं, संत्र्याच्या साली गच्चीवर घातल्या, मसूर डाळ दळली, नागरमोथा कुटला. घरभर असा घमघमाट सुटला की आमचे हे ऑफिसातून आले आणि चुकून शेजारच्या घरात आलोय की काय म्हणून परत दारावरची पाटी बघून आले.

कोणीतरी सांगितलं होतं, उटण्यात चमचाभर तुरटीची पूड घातली की कातडी तुकतुकीत होते. घातली. इथंच घोळ झाला, पण तेव्हा मला काय कल्पना?

त्याच दिवशी अंगणात लग्नाचे पापड चालले होते. गल्लीतल्या बायका पोळपाट-लाटणी घेऊन बसलेल्या, मी मध्ये उडदाचं पीठ भिजवतेय, मध्येच आत जाऊन उटणं चाळतेय. फळीवर दोन सारखे डबे. एकात तुरटीची पूड, एकात पापडखार. दोन्ही पांढरे. ताई म्हणालीसुद्धा, डब्यांवर कागद चिकटव. मी म्हटलं, अगं माझ्या हाताला डबे ओळखीचे आहेत, डोळे मिटून सांगेन.

डोळे मिटूनच घातलं असणार.

तुम्ही म्हणाल, लावून नाही का बघितलं? बघितलं की! कोरडं उटणं मनगटावर चोळलं, वास घेतला, माझी मलाच दृष्ट काढावीशी वाटली. पाण्यात कालवून बघायचं काही सुचलं नाही.

लग्न धारवाडला कार्यालयात होतं. आदल्या दिवशीच पोटल्या मुलाकडे पोचत्या केल्या, आणि पहिली पोटली आठवणीनं अक्कांच्या हातात. अक्कांनी वास घेतला. मग पोटली कमरेला खोचली. ताई माझ्याकडे बघून हसली. महिन्याभरात पहिल्यांदा.

सकाळी हळद. तुम्हाला ठाऊकच आहे, आधी मुलाला हळद लावायची आणि त्यातली उरलेली, ती उष्टी हळद, मुलीकडे यायची. आमच्या खोलीत मेधा पाटावर बसलेली, बायका वाट बघतायत. बाहेर गलका झाला. दार उघडून मुलाची बहीण आत आली. हातात चांदीची वाटी.

आणि तोंड लालभडक.

म्हणजे लाजून नव्हे. विटेसारखं लाल. कपाळ, गाल, हनुवटी, कोपरापर्यंत हात. वाटीत डोकावले, तर उष्टी हळदही लाल. उटण्याचा वास इतका छान की त्यांनी चार पोटल्या हळदीतच ओतल्या होत्या. दुधात कालवलं आणि बघता बघता रंग चढला. तोवर पाच सवाष्णींनी मुलाला लावून झालं होतं आणि हौसेनं एकमेकींनाही.

"मावशी, हे काय हो?" ती बिचारी रडवेली झाली होती. "दादा तर सगळाच लाल झालाय."

फळीवरचे दोन डबे डोळ्यांपुढे उभे राहिले. हळदीत खार पडला आणि वर ओलं लागलं की काय होतं, हे कुठल्याही कुंकू करणाऱ्या बाईनं सांगितलं असतं. मी पापडखारानं अख्खं व्याह्यांचं घर रंगवलं होतं!

कुजबूज सुरू झाली. मुलाकडची एक म्हातारी दारातच म्हणाली, हळद लाल होणं बरं नव्हे, अपशकुन आहे. तो शब्द ऐकला मात्र आणि ताई मटकन खाली बसली. मेधाचं तोंड पांढरं पडलं. मी खरं सांगावं तर मुलाकडच्यांच्या अंगाला पापडाचा खार फासला असं होणार, न सांगावं तर अपशकुन पोरीच्या कपाळी. कुठं तोंड लपवावं कळेना.

तेवढ्यात गर्दी बाजूला झाली. अक्का आल्या. त्याही लालच, पण त्यांच्या चेहऱ्यावर ते रागाचं आहे की खाराचं, कोणाला कळणार? त्यांनी वाटीत बोट बुडवलं. बोटांत चोळून बघितलं. माझ्याकडे एकदा बघितलं. मग त्या म्हातारीकडे वळल्या.

"अपशकुन कसला? हळदीचं आपणहून कुंकू झालंय बघा की. देवीनंच हात लावलाय. भाळ चलो आगेद, फार चांगलं झालंय!" आणि त्याच बोटानं त्यांनी मेधाच्या कपाळावर टिळा लावला.

संपलं. जिनं अपशकुन म्हटलं तीच आता वाटीला हात लावून नमस्कार करत होती. विहीणबाईंनी तर राहिलेल्या पोटल्या देवापुढे ठेवायला सांगितल्या. मग अक्कांनी हुकूम सोडला, सगळ्यांनी ताकानं तोंडं धुवा. धुतली, आणि लाल उतरून सगळे परत पिवळेधमक. मला वाटलं, असेल त्यांच्याकडची काही पद्धत.

अक्षता पडल्या तेव्हा मी इतकी रडले की मुलीची आई मीच, असं फोटोवाल्याला वाटलं. सुटले होते हो मी! जेवणात पापड जरा तुरट लागले, लोकांनी पानात तसेच ठेवले. मी उडदाच्या डाळीला नावं ठेवली आणि मठ्ठा प्यायले.

पुढं मेधा त्या घरात नीट रमली. आणि माझी कीर्ती झाली. हुबळीच्या मावशींच्या हातचं उटणं, त्याला देवीचा हात लागतो! मी नम्रपणे मान खाली घालायचे. आत मात्र गुदगुल्या. एवढ्या कडक माणसांना आपण कसं गुंडाळलं!

काही वर्षांनी मेधाच्या दिराचं लग्न निघालं. निरोप आला, उटणं तुमच्याचकडचं. आता पंचाईत झाली. जाणूनबुजून खार घालायचा? देवीच्या नावानं? मन धजेना. या खेपेला डब्यांवर कागद चिकटवले, सगळं नीट पारखून घातलं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातून एक गोष्ट बिनचूक झाली.

हळदीच्या दिवशी सगळ्या वाटीभोवती जमल्या. दूध ओतलं. कालवलं. हळद पिवळी ती पिवळीच. सगळ्यांची तोंडं उतरली. विहीणबाई कळवळून म्हणाल्या, मावशी, या वेळी तुमचं काहीतरी चुकलं असणार.

अक्कांनी माझा हात धरला आणि मला मुदपाकखान्याच्या बाजूला नेलं. आता त्या बऱ्याच थकल्या होत्या. कानाशी येऊन म्हणाल्या, "काय हो, पापडखार विसरलात यंदा?"

कोणी ऐकलं तर नाही ना, म्हणून मी आधी मागं वळून बघितलं.

"माझी आई घरी कुंकू करायची," त्या म्हणाल्या. "हळद कशानं लाल होते ते मला ठाऊक नाही होय? म्हणून तर ताकानं धुवायला लावलं. आणि दुपारी पापड तुरट लागला, तेव्हा तुमची तुरटी कुठं गेली तेही कळलं."

"मग बोलला का नाही, अक्का? तुम्ही तर साखरपुड्यापासून माझ्यावर रुसला होता."

"तुमच्यावर रुसले होते की. पोरीवर कुठं? ती आमच्या घरची व्हायची होती."

मला रडू आलं आणि हसूही आलं. इतकी वर्षं मी समजत होते, यांना मी गुंडाळलं. त्यांनीच मला पदराखाली झाकून ठेवलं होतं. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी पाठीवर हात फिरवला, तिथंच पाट मांडून बसवलं आणि माझ्यासाठी चहा टाकला.

उगाच बसून कसं राहायचं, म्हणून मी उठून साखरेचा डबा घ्यायला गेले. अक्कांनी तो माझ्या हातातून हळूच काढून घेतला, झाकण उघडलं, चिमूटभर जिभेवर ठेवून बघितली आणि मगच चहात घातली.