माझ्या वर्गातला म्हातारा

विद्यापीठात मी सरकारी अधिकारी होऊ पाहणाऱ्या मुलांना संवादकौशल्य शिकवतो. घरी फारसा बोलत नाही. बायको म्हणते, पगार मिळाल्याशिवाय तुमचं तोंड उघडत नाही. खरं आहे.

वर्गात आम्ही एक सराव घेतो. एकाने अधिकारी व्हायचं, दुसऱ्याने तक्रारदार. अधिकारी व्हायला सगळे हात वर करतात. तक्रारदार व्हायला कुणीच नाही. म्हणून तो मीच होतो. बूट दाराबाहेर काढायचे, अनवाणी आत यायचं, हात जोडायचे. ‘‘साहेब, रेशनकार्डमांथी मारा नाव निकली गया, आता मी काय खाऊ?’’ मोडकी गुजराती, जराशी हिंदी, शेवटी मराठी. वर्ग लोटपोट. सरांना काय ॲक्टिंग येते!

ॲक्टिंग कसली, ते माझे वडील होते. खानदेशातून इकडे आले, कतारगामच्या कापडाच्या लूमवर आयुष्य काढलं, आता कोसाडच्या वसाहतीत राहतात. कचेरीत जाताना आजही चपला बाहेर काढतात. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. सहकाऱ्यांना मी बडोद्याचा वाटतो, वाटू देतो.

यंदा अधिकाऱ्याच्या खुर्चीत एक मुलगी बसली. त्या दिवशीच्या गुणांवर गांधीनगरच्या निवासी शिबिराला आमच्याकडून एकच नाव जाणार होतं, आणि तीच सगळ्यांच्या पुढे होती. मी हात जोडून आत शिरलो. माझं वाक्य संपायच्या आत ती खुर्चीतून उठली.

‘‘बठा बाबा. आधी चपला घाली ल्या, फरशी थंडी शे.’’

कुणी हसलं नाही. अहिराणीतलं उत्तर माझ्या जिभेवर आलं होतं, ते मी गिळलं. सरांच्या आवाजात, शुद्ध गुजरातीत सुनावलं, ‘‘अधिकाऱ्याने कचेरीची भाषा सोडायची नसते.’’

‘‘सर, तुम्हाला समजलं नाही का?’’

‘‘नाही.’’

गुण कापले. शेरा दिला: सहानुभूती चांगली, अंतर कमी. संध्याकाळी दुसऱ्याच मुलाचं नाव पाठवून मोकळा झालो. मोकळा म्हणजे काय, झोप लागेना.

रविवारी कोसाडला गेलो. एका मुलीने एका म्हाताऱ्याला असं असं म्हटलं, एवढंच वडिलांना सांगितलं. म्हातारा कोण, ते नाही.

‘‘चपला बाहेर काढस तो?’’

‘‘हो.’’

त्यांनी आपल्या पायांकडे पाहिलं. ‘‘मंग फरशी थंडी लागसच. पोर ठीक बोलनी. तुले समजनं नही?’’

‘‘समजलं.’’

‘‘मंग तिले सांग.’’

सोमवारी आधी ऑफिसात फोन लावून पाठवलेलं नाव बदलता येईल का, विचारलं. क्लार्क म्हणाला, ‘‘नाम तो गयुं, साहेब.’’ मग वर्गात गेलो. बूट पायातच होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच खरं बोलायला तोंड उघडलं.

‘‘त्या दिन माले समजनं व्हतं. तो म्हतारा मना बाप शे.’’

ॲक्टिंग समजून वर्ग हसत सुटला. टाळ्या पडल्या. मागून कुणीतरी ओरडलं, ‘‘सर, बूट तो काढो!’’

फक्त ती मुलगी हसली नाही.

‘‘मनं नाव निकली गयं ना, सर?’’

‘‘हा,’’ मी म्हणालो, ‘‘निकली गयं.’’

वर्ग पुन्हा हसला.