दहा मायक्रॉनच्या आत

सत्तरच्या दशकात मी पिंपरीच्या एका रक्त-लघवी तपासणाऱ्या लॅबमध्ये कामाला होते आणि माझे यजमान भोसरीच्या वर्कशॉपमध्ये ग्राइंडरवर. दोघांच्याही तोंडी दिवसभर मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. जेवताना त्यावरून आमची लुटुपुटुची भांडणं चालत. ते केसाची जाडी सांगत, सत्तर मायक्रॉन. मी म्हणे, तांबडी पेशी सात-आठच, तुमच्या एका केसाच्या जाडीत नऊ बसतील. त्यांचं जाडी मोजायचं मायक्रोमीटर दहाच्या खालचं दाखवायचंच नाही, त्यामुळे माझ्या पेशींवर त्यांचा फारसा विश्वास नव्हता.

मग त्यांचा खोकला हटेना. त्यांची थुंकी मीच काचेवर घेऊन रंगवली. निळ्यात तांबड्या काड्या दिसल्या. क्षय होता. मी त्यांना लॅबमध्ये नेऊन सूक्ष्मदर्शकातून ते जंतू दाखवले.

"केवढं गं हे?"

"लांबी तीन मायक्रॉन. जाडी अर्धासुद्धा नाही."

ते चक्क हसले. "मंग दहाच्या आतच की! आमच्यात एवढ्या फरकाला पास म्हंत्यात."

मला थट्टा वाटली. पण उपचारांनी काही महिन्यांत खोकला थांबला, अंग भरलं आणि त्यांनी इंजेक्शनं मधेच सोडली. मी रडले, भांडले. "अहो, तुमचा लोखंडी जॉब घासून ठेवला की तेवढाच राहतो. हे एकाचे दोन होतात, दोनाचे चार!"

"आता काय न्हाई राहिलं. असलं तरी लिमिटमधी हाय."

दहाच्या खालचं सोडून द्यायची सवय हाडीमाशी खिळलेली. मला त्यांचा अजून राग येतो.

खंडेनवमीला ते मायक्रोमीटर पूजेसाठी घरी आणत. त्या वर्षी खोकल्यातून रक्त पडू लागलं होतं, आणि आदल्या दिवशीच नवा एक्स-रे हाती आला होता. पूजा झाल्यावर त्यांनी फिल्म खिडकीशी धरली. फुफ्फुसात एक गोल पोकळी होती. त्यांनी कुंकू लावलेलं मायक्रोमीटर उचललं, पुरतं इंचभर उघडलं आणि पोकळीवर टेकवलं. ती त्यात मावेना. त्यांनी पुन्हा लावून पाहिलं.

"ह्यात बसत न्हाई गं," ते म्हणाले.

पुढच्या खंडेनवमीला मायक्रोमीटर मीच पुसलं, मीच कुंकू लावलं.